मामांचा डावा हात

आमच्या घरात मला झोपाळू म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. दुपारच्या भाकरी आटोपल्या, भांडी पालथी पडली, की मी आखाड्यावरच्या लिंबाखाली जाऊन टेकते आणि माझे डोळे आपोआप मिटतात. आखाडा म्हणजे आमचं शेतातलं घर, दोन खोल्या, शेळ्या-मेंढ्यांची जागा आणि मधोमध ते लिंब, म्हणजे कडुलिंब. सासूबाई चंद्रभागाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "हिला कोल्ह्यानं उचलून नेलं तरी हिला सपानच वाटंल."

यावर मामा म्हणायचे, "निजू दे तिला. दुपारची शेरडं बी डोळे मिटून रवंथ करतेत. ते काय आळशी हायेत?"

मामा म्हणजे माझे सासरे, संपतराव. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला धड शेळी पिळता येत नव्हती आणि सासूबाईंच्या नाकावर तर माशी बसत नाही. त्या दिवसांत माझ्याशी रोज न चुकता बोलणारं एकच माणूस होतं. मी झोपेतून उठले की मामा घोंगडीवर सरकून बसायचे आणि विचारायचे, "काय बघून आलीस?" असं विचारायचे की जणू मी जवळा बाजार गावाला जाऊन आले आहे आणि पिशवीत काय आणलं ते त्यांना बघायचंय.

मग मी सांगायची. एकदा मला विहिरीवर पांढरं कापड पसरलेलं दिसलं. मामा म्हणाले, पांढरं करडू होणार. झालंही. त्याच शेळीला एक काळंही झालं, पण ते त्यांनी हिशेबात धरलं नाही. स्वप्न खरं करायचं म्हटलं की माणसाला थोडं इकडंतिकडं बघावं लागतं, आणि मामांना ते छान जमायचं. माझी सगळी स्वप्नं त्यांनी खरी करून दाखवली. मी त्यांना कधी रंगवून सांगितली नाहीत, कमीही केली नाहीत. घरात बाकी कुणी काही म्हणो, आम्हा दोघांचा हा व्यवहार चोख होता.

आता लिंबाबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

हे लिंब तुम्ही बघाल तर हसाल. इतकं जुनं झाड, पण अंगानं बुटकं. उन्हाळ्यात रान करपलं की शेरडांना पाला लागतो, म्हणून मामा तरुणपणापासून त्याच्या डहाळ्या उतरवत आले. खोड पिंपाएवढं झालं, पण फांद्या फुटल्या त्या छातीच्या उंचीवर. डहाळी उतरवायची मामांची एक पद्धत होती. उजव्या हातात कुऱ्हाड, डाव्या हातात डहाळी. घाव घालायचे ते निम्म्याच्या थोडे पुढं, आणि उरलेली साल धरून डाव्या हातानं डहाळी हळूच खाली निजवायची, खाली उभ्या शेरडांच्या पाठीला लागणार नाही अशी. कारण शेरडं खाली असायचीच. कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकला की ती बांधापलीकडून धावत येतात आणि झाडाखाली तोंड वर करून उभी राहतात. हाकलली तर पुन्हा येतात. आमच्याकडे शेरडं राखणाऱ्या सगळ्यांचा डावा हात असाच घडलेला आहे. माणूस जेवायला बसला तरी तो हात काहीतरी झेलायच्या तयारीत असतो. मामांच्या त्या हातात चांदीचं कडं होतं आणि पाल्याच्या चिकानं त्यांची बोटं कायमची काळी पडली होती.

मग मामांचा खांदा धरला. उजवा हात कानाच्या वर जाईना. कुऱ्हाड उचलायची म्हटलं की दात-ओठ आवळून तोंड फिरवायचे, कुणाला दिसू नये म्हणून. पाला मग सासूबाई विकत आणायच्या नाही तर मी लांब काठीच्या आकडीनं ओढायची, माझ्यानं ओढवेल तेवढा. मामा घोंगडीवर बसून बघायचे. पुढं पुढं बघेनातही. माझं स्वप्न विचारायचे, पण अर्ध्यातच त्यांचं लक्ष दुसरीकडे जायचं. मला फार वाईट वाटायचं. बसून राहिलेलं माणूस किती लवकर लहान होतं, हे मी डोळ्यांनी बघत होते.

माझ्या नवऱ्याचं नाव परमेश्वर. मी नाव घेते, मला कसली लाज नाही. तो कळमनुरीकडे एका ठेकेदाराबरोबर झाडं कापायला जातो, वादळानं रस्त्यावर पडलेली, बांधावर वाळलेली. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारं मशीन आहे. पुढं लांब पट्टी आणि पट्टीभोवती दात असलेली साखळी फिरते. यंदा चैत्रात त्यानं एक धाकटं मशीन आणलं आणि घरी ठेवून दिलं, बारीक फांद्यांसाठी म्हणून.

मामांनी ते उचलून बघितलं. कमरेच्या उंचीला त्यांचा हात अजून लोखंडासारखा होता. त्यांनी दोरी ओढली, मशीन गुरगुरलं, आणि मामा हसले. दोन उन्हाळ्यांत मी ते हसू बघितलं नव्हतं.

त्या दिवशी लिंब फुललेलं होतं. मशीन चालू झालं तशी बारीक पांढरी फुलं झडायला लागली आणि भुसा उडाला, पिवळसर, जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा. मामांच्या पटक्यावर, मिशांवर, शेरडांच्या पाठीवर. मशीनच्या आवाजानं शेरडं पहिल्यांदा चौखूर उधळली, पण पाला खाली पडलेला बघितला तशी हळूहळू परत आली. दोन-चार दिवसांत मशीनची दोरी ओढल्याचा आवाज आला तरी धावत यायला लागली. पोट सगळ्यांना शहाणं करतं.

आणि मामांचा डावा हात पूर्वीसारखाच डहाळीवर गेला. मशीन उजव्या हातात, एकट्या.

परमेश्वरनं ते बघितलं आणि तो बांधावरून ओरडतच आला. "आबा! दोनी हातांनी धरा! डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वळवून. एका हातानं धरलेलं मशीन आपलं नसतंय."

"मंग डाहळी कोन धरंल, तुजा सासरा?"

"पडू द्या डाहळीला."

"आन खाली चांदी उभी हाय ती?"

चांदी म्हणजे आमची गाभण शेळी. परमेश्वर त्यावर जास्तच चिडला. त्यानं बापाला सगळं सांगितलं, रोज सांगितलं. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकू द्यायचा नाही. साखळीच्या रेषेत आपलं डोकं आणायचं नाही, अंग बाजूला ठेवून उभं राहायचं. खांद्याच्या वर मशीन न्यायचंच नाही. साखळी बोथट झाली की थांबायचं. ऐकून ऐकून मला पाठ झालं, सासूबाईंना पाठ झालं, मामांच्या बाबतीत मात्र पालथ्या घड्यावर पाणी. पोरानं बापाला शेरडाचा पाला कसा पाडायचा ते शिकवावं, हेच त्यांना पटत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई." म्हण जुनी आहे आणि गमतीनं म्हणायची आहे, पण त्या दिवसांत ती ऐकली की माझ्या अंगावर काटा यायचा.

जे व्हायचं ते एका सकाळी झालं. मी दावणीजवळ शेण भरत होते. मशीनचा आवाज चालू होता, एकसुरी, झोप आणणारा. मामांनी डाव्या हातात डहाळी धरलेली होती, खाली चांदी मान वर करून उभी होती, आणि मामा तिच्याकडे बघत होते. पट्टीचं टोक मागच्या फांदीला लागलं, ते त्यांना दिसलंच नाही. आवाज एकदम बदलला. मशीन उसळलं आणि वर, मागं, मामांच्या तोंडाकडे आलं. कसं आलं ते मला सांगता येणार नाही, कारण ते बघण्याइतका वेळच नव्हता. मशीन आधी फांदीत होतं, मग खाली मातीत पडून बंद पडलं होतं, आणि मामांच्या पटक्याचा एक पदर कापून हवेतून खाली येत होता. तो सावकाश आला. त्याच्यावर लिंबाची फुलं पडत होती. तो चांदीच्या शिंगावर टेकला आणि तिनं मान झटकली.

मी शेणाच्या हातांनीच धावत गेले. मामांच्या कपाळावर रक्त नव्हतं. ओरखडाही नव्हता. मी त्यांना धरलं आणि मला रडू फुटलं. त्यांनी खाली वाकून पटक्याचा तुकडा उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि झाडाकडे बघत म्हणाले, "लिंबानं लोटलं मला."

"मामा, मशीननं लोटलं."

"न्हाई. ह्या साली मी त्याला इचारलंच न्हाई. मशीन आलं आन मी पोरावानी सुटलो."

विचारण्याची रीत अशी. आमच्या घरात मोठी छाटणी करायच्या आधी झाडाला हळद-कुंकू लावतात, मूठभर जोंधळे ठेवतात आणि सांगतात की बाबा, तुझ्या डहाळ्या नेणार आहोत, तुझ्या अंगाखांद्यावर जे कोणी राहतं त्यानं बाजूला व्हावं. मग घरातल्या एकानं झाडाच्या सावलीत निजायचं. त्याला जे दिसेल ते झाडाचं उत्तर. मी या घरात आल्यापासून निजायचं काम माझ्याकडेच आहे. बाकीच्यांना दुपारची झोप येत नाही म्हणे.

परमेश्वर घरी आला, त्यानं पटका बघितला आणि तो पांढराफटक पडला. मग लाल झाला. "झाड लोटत नसतंय, आबा! टोकाचा कोपरा अडला की साखळी त्याच्यावर चढायला बघती आन सगळं मशीन मागं फेकती. पापनी लवायच्या आत. मुठीच्या पुढं ती काळी ढाल काहून दिली हाय? मशीन उसळलं की डाव्या हाताचं मनगट तिला लागतंय आन साखळी जागच्या जागी थांबती. तुमचा हात तितं असला तर थांबंल ना! तुमचा हात तर शेरडाच्या तोंडाजवळ!"

परमेश्वरचा आवाज चिरकला. "उद्या मी मशीन कळमनुरीला नेऊन ठेवतो. घरात ठेवतच न्हाई."

मामांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी डावा हात मांडीवर उपडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले, लांबच्या पाहुण्याकडे बघावं तसं. मला त्यांचं ओरडणं परवडलं असतं.

"मला एकदा इचारू दे लिंबाला," ते शेवटी म्हणाले. "ते न्हाई म्हनलं तर घेऊन जा. मी पुना मागनार न्हाई."

परमेश्वरनं माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं. घरात एवढी माणसं जागी असतात, आणि सगळं येऊन अडलं माझ्या झोपेवर.

संध्याकाळी मामांनी लिंबाला हळद-कुंकू लावलं, जोंधळे ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घोंगडी घेऊन निघाले तेव्हा परमेश्वरनं मला चुलीजवळ गाठलं. त्यानं मशीन गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलला बांधून ठेवलं होतं. "तू नुसतं न्हाई म्हन," तो म्हणाला. "लिंब न्हाई म्हनलं, संपलं. बापाचं डोकं राहू दे जाग्यावर."

"आन मामा?"

"मामा काय?"

"ते बसून बसून मरतील, ते चालंल तुमाला?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी तशीच पुढं निघाले. सकाळपासून तो जेवलाही नव्हता.

मी लिंबाखाली आडवी झाले. मामा पलीकडे शेरडांजवळ पाठ करून बसले होते, कारण निजणाऱ्याकडे बघायचं नसतं. झोप येणार नाही असं मला वाटलं होतं. पण सावली अंगावरून हलत होती, फुलांचा कडू-गोड वास होता, लांब औंढ्याच्या रस्त्यावरून यात्रेकरूंची गाडी गेली, तिच्यातलं भजन वाऱ्यानं आणलं आणि परत नेलं. मधमाश्या एका सुरात गुणगुणत होत्या. मी मनाशी ठरवत होते की उठून काय सांगायचं. ठरवता ठरवता केव्हा पलीकडे गेले ते कळलं नाही.

स्वप्नातही लिंबच होतं. आमची सगळी शेरडं झाडावर चढून बसली होती, फांदीफांदीवर, पाखरांसारखी, आणि फुलं खात होती. आवाज कसलाच नव्हता. खाली मामा उभे होते, पटका बांधून, हसत. त्यांच्या सदऱ्याची डावी बाही रिकामी होती आणि ते त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यांचा डावा हात बांधावरून चालला होता. एकटाच. कडं चमकत होतं. तो वाटेत थांबला, चांदीच्या पाठीवरून फिरला, एका करडाला उचलून पलीकडे ठेवलं, पुढं निघाला. झाडावरची शेरडं एकेक करून खाली उतरली आणि त्याच्या मागं गेली. मामांनी हाक मारली. एकानंही वळून बघितलं नाही. हात कयाधू नदीच्या दिशेनं उतरत गेला, शेरडं त्याच्या मागं मागं, धुळीचा एक पट्टा तेवढा राहिला. मामा रिकाम्या बाहीनं हाका मारत राहिले. हात मजेत होता, त्याला कसलंही दुःख नव्हतं. मला भीती वाटली ती त्याचीच.

मी उठून बसले. मामा शेरडांजवळून येऊन घोंगडीवर बसले.

"काय बघून आलीस?"

मला एका शब्दात संपवता आलं असतं. नाही. परमेश्वर खोलीच्या दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, "लिंब व्हय म्हनलं, मामा. पन त्याच्या अटी हायेत."

"कंच्या?"

"ते म्हनलं, माझ्याकडं दोनी हातांनी या. देवाला कुनी एका हातानं पाया पडतं का? ते म्हनलं, माझ्याम्होरं कपाळ आनू नका, बाजूला उभं राहा. मशीनचं नाक माझ्यात खुपसू नका. खांद्याच्या वर हात घालू नका. आन शेरडं लांब बांधा. आन साखळीला धार…"

मी थांबले. मामा हसत होते. आवाज न करता, मिशांतल्या मिशांत.

"लिंब लई शिकलेलं दिसतंय," ते म्हणाले. "कळमनुरीच्या ठेकेदाराकडं कामाला व्हतं का?"

परमेश्वर दारातून नाहीसा झाला. माझे कान तापले. इतक्या दिवसांचा आमचा चोख व्यवहार, आणि मी पहिल्यांदाच मापात पाप केलं होतं, तेही मामांच्या तोंडावर, आणि ते रागावलेही नाहीत. ते रागावले नाहीत म्हणूनच मला जास्त लागलं.

"पोरी," मामा म्हणाले, "लिंबाचं सोड. तू काय बघितलं ते सांग."

मग मी सांगितलं. झाडावरची शेरडं, रिकामी बाही, बांधावरून चाललेला हात, कडं, धूळ. शेरडांनी वळून बघितलं नाही तेही सांगितलं. सांगताना मी मामांकडे बघू शकले नाही, त्यांच्या काळ्या बोटांकडे बघत होते. माझं संपलं तरी ती बोटं हलली नाहीत. चांदी येऊन त्यांच्या हाताला नाक लावून गेली.

मी वाट बघत होते की आता ते याचा काही चांगला अर्थ काढतील. पांढरं करडू होईल म्हणतील. नेहमी काढायचे. या वेळी त्यांनी काढला नाही.

"त्या हाताचं काय चुकलं म्हन," ते हळू म्हणाले. "त्याला ठावं हाय, शेरडं खाली हायेत. तो जानारच." मग त्यांनी उजव्या हातानं डावं मनगट धरलं, घट्ट. "खाली शेरडं न्हाईत असं त्याला दिसलं, तर ऱ्हाईल तो जाग्यावर. पन डाहळी कोन झेलनार? अर्ध्या सालीवर लोंबती सोडली तर झाडाची कातडी सोलून निघंल. तकलीफ झाडाला बी हाय."

आणि मला एकदम उमगलं की परमेश्वर इतके दिवस हाताशी भांडत होता. हाताचं ऐकून कुणीच घेतलं नव्हतं.

"मी झेलते," मी म्हणाले.

"तू?"

"लांबून. दोर बांधून. तुमचा डावा हात मी व्हते, मामा. तुमचा तुमी मशीनवर ठेवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी लिहीत नाही, मला नीट जमणार नाही. मग त्यांनी खोलीकडे तोंड करून हाक मारली, "परमेश्वरा! सोड ते मशीन गाडीवरून. आन साखळीला धार लाव. लिंबानं सांगितलंय."

परमेश्वर आला, गोणपाट सोडलं आणि कानस घेऊन साखळीचा एकेक दात घासत बसला. त्यानं मान वर केली नाही, पण मला माहीत आहे तो कधी हसतो आणि कधी नाही.

शेरडं जाळीच्या कुंपणात कोंडली. त्यांनी असा कालवा केला की वाटावं आम्ही त्यांना विकायला काढलंय. चांदी तर जाळीवर पुढचे पाय देऊन उभी राहिली आणि मामांच्या नावानं ओरडत होती. मामांचा डावा हात एकदा तिकडे गेलाच, अर्ध्या वाटेपर्यंत, मग थांबला. मामांनी त्याला परत आणून पुढच्या मुठीवर ठेवलं, अंगठा खालून वळवला. सासूबाई ओसरीवर पदर तोंडात धरून उभ्या होत्या. परमेश्वरनं बापाला खांद्याला धरून अर्धं पाऊल बाजूला सरकवलं, साखळीच्या रेषेतून बाहेर, आणि बापानं सरकू दिलं. हे मी या घरात पहिल्यांदा बघितलं.

डहाळीच्या शेंड्याला बांधलेला दोर वरच्या फांदीवरून टाकून मी लांब बांधापाशी उभी राहिले. मामांनी मशीन पूर्ण वेगात घेतलं आणि मगच लाकडाला लावलं. भुसा उडाला. फुलं झडली. डहाळी कलायला लागली तसा दोरातून तिचा भार माझ्या तळहातात आला, सावकाश, झोपलेलं लेकरू कुणी हातात द्यावं तसा. मामांनी मान हलवली, मी सैल सोडलं, आणि डहाळी सालीवर वळून जमिनीवर निजली. साल फाटली नाही. एक झाली, दुसरी झाली. माझे तळहात दोरानं चरचरत होते आणि मी कधी नव्हे इतकी जागी होते.

पुढच्या डहाळीला मागं एक वाळकी काडी होती, पानांत लपलेली. ती कुणालाच दिसली नाही. पट्टीचं टोक तिला लागलं. तोच आवाज, बदललेला. मशीन उसळलं आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली. पण या वेळी दोन्ही हात मुठींवर होते. मशीन वीतभर उडालं, मामांचं मनगट काळ्या ढालीवर आपटलं, खट् असं वाजलं आणि साखळी थांबली. मामांचं कपाळ तिथं नव्हतंच. पट्टी रिकाम्या हवेत उभी होती.

जाळीतली शेरडं गप्प झाली. मामांनी मशीन बंद केलं, जमिनीवर ठेवलं, आणि मग, सगळ्यात शेवटी, डावा हात मुठीवरून काढला. त्यांनी तो डोळ्यांपुढं धरला, उलटा केला, सुलटा केला. बोटं हलवून बघितली. खिशातला पटक्याचा तुकडा काढून मनगटाचा भुसा पुसला, कडं पुसलं.

मी दोर टाकून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी तो हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्याला पाल्याचा वास होता आणि तो चांगलाच जड होता.

"पोरी," ते म्हणाले, "तुझं हे पैलंच सपान खोटं पडलं बघ."

मग जाळीकडे वळून म्हणाले, "सोडा आता शेरडं."